बारा व्होल्ट

येळवशीची रात्र. पोटात अजून भज्जी आहे,
ढेकरेत आंबील,
आणि मी स्लॅबवर उकिडवा, तोंडात टॉर्च धरून
एकेका वायरीला विचारतोय, बाई, तू कुठली?

उदगीरला नळेगाव रोडवर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
बावीस गेज, चोवीस गेज बोटांनाच कळतं,
मीटर कशाला लागतं, असं मी पोरांना सांगतो.
आणि माझ्याच दुर्बिणीला खालच्या सॉकेटपासून
पंधरा मीटर बेलवायर ओढलेली.
खाली बारा. वर पोचेपर्यंत दहा पॉइंट नऊ.
वाटेत एक व्होल्ट कुठं सांडतो,
हे ज्याला कळायला हवं त्यालाच
तीन हिवाळे कळलं नाही.
कॅमेरा थंड व्हायला लागला की हब मरायचा,
हब मेला की लॅपटॉप म्हणायचा, उपकरण सापडत नाही.
सापडत नाही कसं?
हे काय, बसलंय इथं माझ्याशेजारी.

आज बेलवायर काढून फेकली.
इलियासच्या टेम्पोची बॅटरी जिन्यावरून चढवली
दोघांनी, मधे दोनदा टेकून.
फ्यूज. जाड तार. लाल ती लाल, काळी ती काळी.
दवपट्टा वेगळ्या फांदीवर, तो लई खातो.
छोटा संगणक, पानाच्या डब्याएवढा,
दुर्बिणीच्याच पाठीवर रबरानं बांधला.
आता तिच्या अंगावरून खाली एकच वायर उतरते,
बाकी साऱ्या वरच, चिकटून, तिच्याबरोबर फिरणाऱ्या.
प्रयाग दारात येऊन बघून गेली.
धाकटीची वेणी, म्हणाली,
एकदा तरी अशी घातली असतीस.

बाराला शेतीची लाइन येते.
मला घड्याळ लागत नाही, गल्लीतला दिवा सांगतो:
एकदम पिवळा पडतो, मग सावरतो.
तोंडारपासून हाळीपर्यंत सगळे पंप एका दमात उठले.
त्यातले निम्मे माझ्या हातचे.
मागच्या साली याच क्षणाला अडॅप्टर शिंकायचा,
माउंट विसरायचं उत्तर कुठं,
आणि मी अंधारात शिव्या द्यायचो.
कुणाला देणार? मीच तर गुंडाळलेत ते.

आज दिवा पिवळा पडला.
दुर्बिणीला पत्ता नाही.

आता खरी भीती. माथ्यावरची रेघ ओलांडली
की ती सगळी उलटी फिरते, एकटी, गुरगुरत,
आणि गेल्या वेळी इथंच यूएसबी पायात अडकली,
उपटली, सॉकेट वाकलं,
हैदराबादहून नवीन यायला चाळीस दिवस.
मी वायरीखाली तळहात धरून उभा,
न शिवता,
पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकरामागं धरतात तसा.
वीतभर ढील ठेवली होती.
चार बोटं उरली.

काक्षीच्या डावीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही,
तिथून पाच-पाच मिनिटांनी एक चित्र येत राहिलं.
मी पांढऱ्या पट्टीच्या चिठ्ठ्या लिहिल्या,
मोटारीच्या टोकांना लावतो तशा:
कॅमेरा. गाइड. फोकस. दव.
एक वायर उरली. दोन्ही टोकं मोकळी,
काहीच बंद पडलेलं नाही.
गुंडाळून खिशात घातली.

संक्रांतीनंतर चित्र छापून दुकानात लावलं:
तांबडं कडं, मधे काळं भोक, कडेनं धुराचे धागे.
तोंडारचा शेषेराव चहा हातात धरून
बराच वेळ बघत राहिला.
कुणाच्या मोटारीचं वाइंडिंग म्हणायचं हे?
पार जळालंय.
जळतंय खरं, म्हटलं, पण चालू आहे.
बरं, म्हणाला, माझी कधी देतोस?